सांध्याची उष्णता आणि टेपमधला ऑक्सिजन: कोल्हापुरातील कामाच्या नोंदी

१० जून

चार मिलिमीटर रुंदीच्या उच्चतापी अतिवाहक (पुरेशी थंड केली की विजेला रोध न करणाऱ्या) टेपचे प्रत्येकी सहा मीटरचे तीन तुकडे हाताशी आहेत. ते जोडून विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेसाठी द्रव नायट्रोजनमध्ये चालणारी एक चपटी कॉइल गुंडाळायची आहे. सलग १८ मीटर टेप मागवली असती तर पुढचे काहीच लिहावे लागले नसते, परंतु तुकडे स्वस्तात मिळाले आणि दोन सांधे आपल्याला सहज जमतील असे वाटले.

ज्यांनी ही टेप हाताळलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की तिची एकूण जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर आहे आणि त्यातला बहुतेक भाग हॅस्टेलॉय या निकेलच्या मिश्रधातूच्या पट्टीचा आहे. तिच्यावर अगदी पातळ असे ऑक्साइडचे थर, त्यांवर साधारण एक मायक्रोमीटर जाडीचा बेरियम-कॉपर-ऑक्साइड वर्गातला काळा अतिवाहक थर, त्यावर एक-दोन मायक्रोमीटर चांदी आणि सर्व बाजूंनी तांब्याचे वेष्टन असते. अतिवाहक थर एकाच अंगाला असल्यामुळे दोन टेपांची ती अंगे समोरासमोर ठेवूनच डाख द्यावा लागतो. उलट अंग लागले तर प्रवाहाला कडेच्या तांब्यातून वळसा घालावा लागतो. बाहेरून दोन्ही अंगे तांबडीच दिसतात, म्हणून रिळावरून सोडवतानाच प्रत्येक तुकड्याच्या अतिवाहक अंगावर पेनाने खूण केली.

१४ जून

अखंड टेपचा क्रांतिक प्रवाह, म्हणजे ज्याच्यापुढे टेप रोध दाखवू लागते तो प्रवाह, १२१ अँपिअर मिळाला. मोजण्याच्या दोन टोकांमधील अंतर पाच सेंटिमीटर होते आणि दर सेंटिमीटरला एक मायक्रोव्होल्ट हा नेहमीचा निकष धरला. पुरवठादाराच्या कागदावर ११७ लिहिले आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे इथे नायट्रोजन ७७.४ ऐवजी सुमारे ७६.८ केल्विनला उकळतो, आणि टेप जितकी थंड तितका हा प्रवाह जास्त, त्यामुळे चार अँपिअर जास्त मिळाले तर त्यात नवल नाही.

नायट्रोजन ३५ लिटरच्या कंटेनरमध्ये येतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव नेतात तोच हा कंटेनर. त्याचे तोंड अरुंद असल्यामुळे नमुना आत बुडवता येत नाही, म्हणून थर्मोकोलच्या पेटीत ओतून घ्यावा लागतो आणि पेटी थंड होईपर्यंत पहिले दोन-तीन लिटर वाफ होऊन जातात.

१९ जून

प्रवाहासाठी हुपरीहून एक जुना रेक्टिफायर आणला होता. दागिन्यांना चांदीचे पाणी चढवण्यासाठी तो वापरत असत. त्याच्या प्रवाहातील चढउतारांमुळे मीटरवरचा आकडा स्थिर राहीना आणि मायक्रोव्होल्ट वाचणे अशक्य झाले. अखेर ट्रकच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या, रोध म्हणून पाण्याच्या बादलीत लोखंडी पट्टी सोडली आणि पट्टीवर सरकणाऱ्या चिमट्याने प्रवाह कमीजास्त करू लागलो. ही मांडणी दिसायला ओबडधोबड असली तरी विद्युतदृष्ट्या अतिशय शांत आहे.

तिच्यात एकच उणीव राहिली होती, ती म्हणजे व्होल्टेज वाढताच प्रवाह आपोआप तोडणारी सोय. आज चिमटा हातातून एक इंच जास्त सरकला आणि वीस सेंटिमीटर टेप डोळ्यांदेखत लाल होऊन तुटली. आता ५० मिलिव्होल्टवर संपर्क तोडणारे सर्किट बसवले आहे. ते पहिल्या दिवशी बसवले असते तर एक दिवस आणि वीस सेंटिमीटर टेप वाचली असती.

२२ जून

पहिला सांधा. आठ सेंटिमीटर टेप एकावर एक, ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला डाख आणि राळेचा फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ). हा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. नळकाम करणारे वापरतात तो आम्लयुक्त फ्लक्स मुद्दाम टाळला, कारण कापलेल्या कडेतून तो अतिवाहक थरापर्यंत पोहोचला तर थर खातो.

टेप दोन पोलादी ठोकळ्यांमध्ये दाबली होती. खालच्या ठोकळ्यात हीटर होता आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) वरच्या ठोकळ्यात. वरचा ठोकळा २४० अंशांवर यायला फार वेळ लागला, कारण तो चार किलोचा होता. डाख वितळून थंड होईपर्यंत एकूण १८ मिनिटे गेली. सांधा दिसायला उत्तम होता.

मोजणीत सांध्याचा रोध १४ नॅनोओहम आला आणि आम्ही खूश झालो. त्यानंतर त्याच टेपचा, सांध्याच्या बाहेरचा परंतु ठोकळ्याखाली तापलेला दोन सेंटिमीटरचा भाग मोजला, तर क्रांतिक प्रवाह १२१ वरून ७१ अँपिअरवर उतरलेला दिसला. केवळ रोध मोजून थांबलो असतो तर हा दोष कॉइल गुंडाळून झाल्यावर हाती आला असता. सांधा करणाऱ्या प्रत्येकाने सांध्याशेजारची टेप स्वतंत्रपणे मोजावी, ही या सगळ्या वहीतील सर्वांत उपयोगी सूचना आहे असे मला वाटते.

२५ जून

बारीक तारेचे थर्मोकपल थेट टेपला चिकटवून तोच क्रम पुन्हा केला. वरचा ठोकळा २४० दाखवत असताना टेप २९० अंशांवर होती. म्हणजे आम्ही तीन दिवस टेपचे तापमान मोजत होतो असे समजत होतो, पण मोजत होतो लोखंडाचे.

इथे नेमके काय बिघडते हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण टेपवर भेग, पोपडा किंवा डाग काहीच दिसत नाही. या ऑक्साइडच्या रेणुसूत्रात ऑक्सिजनचे प्रमाण सातच्या जवळ असेल तेव्हाच ते ९० केल्विनच्या वर अतिवाहक होते. ते साडेसहाच्या आसपास घसरले की क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्याखाली अतिवाहकता येते ते तापमान, ६० केल्विनच्या घरात येते, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये ते निरुपयोगी ठरते, आणि सहाच्या जवळ गेले की अतिवाहकता मुळीच उरत नाही. स्फटिकातील तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्यांमधले हे ऑक्सिजन अणू सैल बसलेले असतात, उष्णता मिळाली की ते चालू लागतात आणि चांदी त्यांना अडवत नाही. डाख देताना आपण टेप जाळत नसतो, तिच्यातला ऑक्सिजन हळूहळू बाहेर सोडत असतो, आणि म्हणून अंशांइतकीच मिनिटेही मोजावी लागतात.

३ जुलै

एक मीटर टेपचे नमुने कापून तापवले. कापताना कात्रीची धार अतिवाहक अंगाकडून लावली तर कडेचा थर सुटतो असे दोन नमुन्यांत दिसले, म्हणून पुढचे सर्व नमुने हॅस्टेलॉयच्या अंगाकडून कापले.

सुरुवातीचा क्रांतिक प्रवाह सर्वांचा १२१ च्या आसपास होता आणि मोजणीतील आमची चूक दोन अँपिअरच्या आत राहते. १४० अंशांवर एक तास ठेवलेल्या नमुन्यात काहीच फरक पडला नाही. २०० अंशांवर पाच मिनिटांनी फरक नव्हता, एका तासानंतर ११९ मिळाले, म्हणजे फरक आहे की नाही हे सांगता येणार नाही. २४० अंशांवर पाच मिनिटे चालून गेली, परंतु अर्ध्या तासाने प्रवाह ११२ झाला. २९० अंशांवर मात्र पाच मिनिटांतच १०४, पंधरा मिनिटांत ७८ आणि अर्ध्या तासात ४६ अँपिअर उरले. आमचा २२ तारखेचा ७१ चा आकडा या ओळीत चपखल बसतो. हे आकडे आमच्या टेपचे आहेत. चांदीची जाडी आणि टेप बनवण्याची पद्धत बदलली की ते बदलतात, म्हणून दुसऱ्याने ते जसेच्या तसे उचलू नयेत, असाच एक तक्ता स्वतःच्या टेपसाठी करावा. आम्हाला त्याला दीड दिवस आणि २८ लिटर नायट्रोजन लागला.

९ जुलै

गेलेला ऑक्सिजन परत भरता येतो का, हा प्रश्न कॉइलसाठी अनिवार्य नव्हता. पण ४६ अँपिअरचा नमुना समोर पडलेला असताना तो सोडवेना.

रेक्टिफायर परत द्यायला हुपरीला गेलो तेव्हा तिथल्या कारागिरांशी चांदीविषयी बोलणे झाले. ते म्हणाले, "वितळली की चांदी हवा पिते आणि गोठताना ओकते, सर. म्हणून आम्ही मुशीत वरून कोळसा टाकतो." हे अगदी खरे आहे. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन विरघळवते आणि गोठताना तो बाहेर टाकत शिंतोडे उडवते. घन चांदीतूनही ऑक्सिजन आरपार जातो, फक्त बेताने. ज्या वाटेने तो टेपमधून बाहेर गेला त्याच वाटेने त्याला आत आणता यायला हवा.

१२ जुलै

क्वार्ट्झच्या नळीत नमुना ठेवला, औद्योगिक सिलिंडरमधून ऑक्सिजन सोडला आणि ४५० अंशांवर रात्रभर ठेवले. तापमान फार वाढवून चालत नाही, कारण जास्त तापलेला थर स्वतःच कमी ऑक्सिजन धरून ठेवतो. फार कमी ठेवले तर अणू हलत नाहीत. म्हणून चारशे ते पाचशेच्या दरम्यान राहून सावकाश उतरायचे असते.

सकाळी नळीतून काळा कोळसा निघाला. तांब्याचे वेष्टन काढायचेच राहिले होते. ऑक्सिजनमध्ये तापलेल्या तांब्याचे पोपडे झाले आणि सुटताना चांदीही सोबत घेऊन गेले. ही चूक घाईची आहे, अज्ञानाची नाही, आणि म्हणूनच ती अधिक लागली.

याच दिवशी आणखी एक गोष्ट घडता घडता टळली. रेग्युलेटरचा आटा घट्ट बसतो म्हणून एका विद्यार्थ्याने त्याला ग्रीस लावायला घेतले होते. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेल किंवा ग्रीस आले की ते आपोआप पेट घेऊ शकते. आटा, हात आणि पाने पुसून कोरडी केली, आणि सिलिंडरशेजारी मोठ्या अक्षरांत पाटी लावली.

१६ जुलै

तांबे काढण्यासाठी आधी सर्किट बोर्डवाल्यांकडचे फेरिक क्लोराइड वापरले. तांबे गेले, पण चांदीवर सिल्व्हर क्लोराइडची मळकट साय आली. दुसऱ्या खेपेस अमोनियम परसल्फेटचे द्रावण घेतले, त्यात चांदी स्वच्छ राहिली.

संध्याकाळी उशीर झाला म्हणून सोललेले दोन नमुने टेबलावर तसेच ठेवून घरी गेलो. जुलैतल्या कोल्हापूरच्या हवेत भिंतीलाही ओल धरते. दुसऱ्या दिवशी कापलेल्या कडांवर पांढुरकी रेघ दिसली. हा ऑक्साइड पाण्याशी अभिक्रिया करून आधी बेरियम हायड्रॉक्साइड आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पुढे बेरियम कार्बोनेट तयार करतो. दोन्ही नमुने बाद. आता सोललेला प्रत्येक नमुना सिलिका जेलच्या डब्यात जातो, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

२५ जुलै

नायट्रोजन नाही. पंचगंगेचे पाणी इशारा पातळीपलीकडे गेले असून शिरोलीकडून गाडी आलेली नाही. आज फक्त भट्टीच्या नियंत्रकाची घडण दुरुस्त केली.

२ ऑगस्ट

शेवटी व्यवस्थित झालेली खेप. २९० अंशांवर अर्धा तास तापवून ४६ अँपिअरवर आणलेला नवा नमुना घेतला, तांबे काढले, ऑक्सिजनच्या संथ प्रवाहात ४५० अंशांवर २४ तास ठेवला आणि मिनिटाला एक अंश या गतीने ३०० पर्यंत उतरवून पुढे भट्टीसोबतच निवू दिला. मध्यरात्री वीज अर्धा तास गेली होती. इन्व्हर्टरवर फक्त नियंत्रक होता, हीटर नव्हता, त्यामुळे तापमान ४१० पर्यंत उतरले आणि पुन्हा चढले. त्याने बिघडले असे दिसत नाही.

तांबे नसलेली टेप मोजणे धोक्याचे असते, कारण क्रांतिक प्रवाहापलीकडे गेल्यावर उष्णता वाहून नेणारे काहीच उरत नाही. म्हणून प्रवाह अर्ध्या सेकंदाच्या ठोक्यांत वाढवत नेला. १०९ अँपिअर मिळाले. ४६ चे १०९. आम्ही तिघांनी तोच आकडा तीनदा घेतला.

५ ऑगस्ट

आनंद तीन दिवस टिकला. सोललेल्या टेपला पुन्हा तांब्याची पट्टी डाखाने लावायला गेलो, तर नेहमीच्या कथील-शिशाच्या डाखाने मिनिटभरात चांदी खाऊन टाकली आणि खालचा काळा थर उघडा पडला. वितळलेल्या कथिलात चांदी झपाट्याने विरघळते, आणि इथे ती जेमतेम दोन मायक्रोमीटर आहे. ज्या डाखात आधीच दोन टक्के चांदी मिसळलेली असते, म्हणजे ६२ कथील, ३६ शिसे व २ चांदी, त्याने ही भूक बरीच कमी होते. तो १७९ अंशांना वितळतो. दुसरा नमुना त्याने नीट लागला.

या वाटेविषयी माझे मत असे झाले आहे की बिघडलेली टेप ऑक्सिजन देऊन सुधारता येते, पण कॉइलमधला सांधा असा सुधारू नये. तांबे काढणे, दीड दिवस भट्टी, ओलाव्याची भीती आणि पुन्हा तांबे लावणे, एवढे सगळे करून मूळच्या ९० टक्केच हाती येते. ज्यांना डाखाशिवाय, अतिवाहक थर थेट एकमेकांत वितळवून शून्य रोधाचा सांधा हवा आहे, त्यांना मात्र ही भट्टी चुकत नाही. कोरियातल्या एका गटाने २०१४ मध्ये असा सांधा प्रसिद्ध केला, तेव्हा ऑक्सिजनला आत शिरायला वाट मिळावी म्हणून टेपला सूक्ष्म छिद्रे पाडली होती, आणि तरीही ऑक्सिजन भरायला शेकडो तास लागले होते. ते काम आमच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि आमच्या कॉइलला त्याची गरजही नाही.

११ ऑगस्ट

नवा साचा. पोलादी ठोकळ्यांऐवजी ॲल्युमिनियमचे हलके ठोकळे, दोन्हींत हीटर आणि थर्मोकपल टेपला लागून. उद्यमनगरातल्या लेथवर ते ८० मिलिमीटर व्यासाच्या वक्रतेत कातून घेतले. वक्र का, तर मधल्या काळात सपाट केलेला एक चांगला, १२ नॅनोओहमचा सांधा कॉइलच्या साच्यावर गुंडाळताच १९ वर गेला होता. ज्या वळणावर सांधा बसणार आहे त्याच वळणावर डाख द्यावा.

दोन डाखांची तुलना केली. कथील-शिसे, टेपवर २०० अंश, वितळलेल्या अवस्थेत तीन मिनिटे: रोध १२ नॅनोओहम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ३८ नॅनोओहम. इंडियम-कथील, जो ११८ अंशांनाच वितळतो, टेपवर १३५ अंश: रोध १७ नॅनोओहम. दोन्हींत शेजारच्या टेपचा क्रांतिक प्रवाह १२० च्या वर राहिला. इंडियमचा डाख उष्णतेच्या दृष्टीने निर्धास्त आहे, पण महाग आहे आणि मऊ आहे. आमच्याकडे आता मिनिटे नेमकी मोजता येत असल्यामुळे कॉइलसाठी कथील-शिसे निवडले.

हे रोध मोजण्यासाठी नॅनोव्होल्टमीटर दोन दिवसांसाठी उसना मिळाला. ९० अँपिअरला १२ नॅनोओहमवर एक मायक्रोव्होल्टच पडतो, आणि तारांच्या जोडांवरील तापमानातल्या फरकाने त्याहून मोठे व्होल्टेज सहज निर्माण होते. म्हणून प्रत्येक आकडा प्रवाहाची दिशा उलटवून दोनदा घेतला आणि त्यांच्या फरकाचे निम्मे धरले.

१९ ऑगस्ट

दोन्ही सांध्यांसह कॉइल गुंडाळून झाली, ५५ वेढे. दहा वेळा नायट्रोजनमध्ये बुडवून बाहेर काढली. सांध्यांचे रोध १२ व १३ होते, ते १२ व १४ झाले. कॉइलचा क्रांतिक प्रवाह ७२ अँपिअर आहे. सुट्या टेपचे १२१ इथे मिळत नाहीत ते सांध्यांमुळे नव्हे, कॉइलचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र टेपच्या पृष्ठाला लंब पडते त्यामुळे. ६० अँपिअरला मध्यभागी ४६ मिलिटेस्ला मोजले, हिशेबाने ४७ यायला हवे होते.

२१ ऑगस्ट

खर्च. वाया गेलेली टेप २.४ मीटर, दर मीटरला ३,२०० रुपयांप्रमाणे ७,६८०. नायट्रोजन १९० लिटर, १३,३००. क्वार्ट्झ नळी ६,५००. इंडियमचा डाख ४,८००. साचा २,६००. ऑक्सिजनचे दोन सिलिंडर ९००. एकूण ३५,७८० रुपये आणि दहा आठवडे, त्यांपैकी दोन सांध्यांचे प्रत्यक्ष काम एका दुपारचे. १०९ अँपिअरचा सुधारलेला नमुना सिलिका जेलच्या डब्यात आहे. सहा महिन्यांनी तो पुन्हा मोजायचा आहे.